उजवीकडची घरघर

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लेकीने ही डायरी पाठवली आहे. पहिल्या पानावर तिनेच लिहिलंय, ‘बाबा, नव्या जागेत काय काय चाललंय ते लिहीत जा. फोनवर तुम्ही धड काही सांगत नाही.’ फोनवर काय डोंबल सांगणार? हल्लीच्या फोनमध्ये माणूस विहिरीच्या तळाशी बसून बोलल्यासारखा वाटतो. मी जरा आवाज चढवला की ही पोरगी म्हणते ओरडू नका. फोन बदलून पाहिला, नवाही त्याच माळेतला मणी. सगळा माल तकलादू झालाय.

तर नवी जागा. गल्लीतलं जेमतेम दोन गाड्या मावतील असं गॅरेज सोडून मोठ्या रस्त्याला लागून पत्र्याची शेड घेतली. धाकट्याचा आग्रह. म्हणाला, दादा, आत्ता नाही तर कधीच नाही. भागीदारी निम्मी-निम्मी, कागद व्हायचे आहेत. ज्याला मी पान्यांचे आकार ओळखायला शिकवले तो भाऊ आता मला कॉम्प्युटर लावून गाडी तपासायला शिकवतो. चालायचंच. मशीन काय सांगायचं ते सांगो, गाडी माझ्याशी बोलते. लोक मला ‘कानसेन’ म्हणतात ते उगाच नाही. गाडी फाटकातून आत येऊन थांबेपर्यंत माझं निदान झालेलं असतं.

एकच कटकट आहे. शेडमध्ये कुठून तरी हवा सुटते. बारीक, सलग शिट्टी. कॉम्प्रेसरच्या नळीला साबणाचं पाणी लावून सगळे सांधे पाहिले. एक बुडबुडा येईल तर शपथ. धाकट्याला विचारलं तर म्हणतो, मला नाही बुवा येत.

६ ऑक्टोबर, सोमवार

नर्सबाईंची गाडी आली. बाई डोंगरातल्या वस्त्यांवर जातात. वर दवाखाना नाही. रस्ता अरुंद, एका बाजूला कठडा आणि उतार असा की परतताना पाय ब्रेकवरून काढायची सोय नाही. कुणी तापाने फणफणलेलं असो की कुणी बाळंतपणात अडलेली असो, वर पोचतात त्या बाईच. गाडी त्यांच्या नवऱ्याने घेतलेली. तो गेला, गाडी राहिली. जुनी आहे, पण हाडापेराने मजबूत.

तक्रारी दोन. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टक-टक आणि वेग धरला की घरघर.

बाईंना शेजारी बसवून मीच चालवून पाहिली. आधी मैदानात स्टिअरिंग शेवटपर्यंत पिळून हळूहळू गोल घुमवली. टक, टक, टक. ॲक्सलचा बाहेरचा सांधा, डोळे झाकून सांगावा. मग सरळ रस्त्याला काढली. जरा वेग आला आणि घरघर सुरू. गिअर काढला, इंजिन मोकळं सोडलं, तरी ती चालूच. म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. चाकाबरोबर चढते, चाकाबरोबर उतरते. पुढच्या चाकाचं बेअरिंग. उजवं.

परतताना बाई एकदम म्हणाल्या, “रागावलात का माझ्यावर? मघापासून विचारतेय, उत्तरच देत नाही तुम्ही.” मी म्हटलं, आवाजात लक्ष असलं की मला दुसरं काही सुचत नाही. खरंच आहे ते. पण त्यांनी विचारलं कधी, हे काही केल्या आठवेना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

निदान बरोबर. गाडी लिफ्टवर घेतली तर उजव्या ॲक्सलच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटलेला, आतलं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळं लिंपण झालेलं. ग्रीस गेलं की सांध्यात धूळ जाते आणि सांधा स्वतःलाच खातो. नवा ॲक्सल बसवला. टक-टक गेली. धाकटा म्हणाला, मस्त.

घरघर मात्र आहे. ती जायची नव्हतीच, ती बेअरिंगची. आज चालवताना गाडी डावी-उजवीकडे लहरवून पाहिली. नियम असा की गाडी उजवीकडे वळवली की ओझं डाव्या चाकावर पडतं. तेव्हा आवाज वाढला तर दोष डावीकडे, कमी झाला तर उजवीकडे. तर उजवीकडे वळवताना वाढला. नियमाने डावं झालं. पण कान म्हणतो उजवं, आणि नियम काही वेदवाक्य नाही. बेअरिंग आतल्या बाजूने झिजलं असेल तर उलटंही होतं. असं मी पूर्वी पाहिलेलं आहे. उजवं चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवलं. केसभर ढिलेपणा जाणवला. जाणवला असंच वाटतं.

धाकटा म्हणाला, डावंही उचलून बघू का? मी म्हटलं, ज्या पायात काटा त्याच पायाला हात लावावा.

११ ऑक्टोबर, शनिवार

उजवं बेअरिंग बदललं. प्रेसवर जुनं काढताना चांगलंच झुंजवलं त्याने. धुऊन, पुसून उजेडात धरलं. गोळ्या चकचकीत. ज्या कड्यांत त्या फिरतात त्यांच्यावरही ओरखडा नाही. आतून कुठे तरी गेलं असावं. धाकट्याने ते माझ्या हातून घेतलं, बोटावर बराच वेळ फिरवत राहिला, मग न बोलता फळीवर ठेवलं. त्याचं हे न बोलणं मला आवडत नाही. बोलायचं असेल ते तोंडावर बोलावं.

चालवून पाहिली. घरघर आहेच.

टायर असणार. जुने टायर करवतीच्या दातांसारखे झिजले की हुबेहूब बेअरिंगसारखे घरघरतात. भले भले फसतात. बाईंना गाडी दिली, म्हटलं चार दिवस चालवा, मग टायर बघू.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ही हल्ली जेवताना माझ्या उजव्या हाताला बसते. लग्न झाल्यापासून समोर बसत आली. विचारलं तर म्हणाली, तिकडे वारं लागतं. खिडकी बंद होती.

आज घरी आलो तर धाकटा स्वयंपाकघरात तिच्याशी बोलत उभा. नुसते ओठ हलताहेत, शब्द ऐकू येणार नाही अशा बेताने. मला पाहिल्यावर दोघंही गप्प. मी विचारलं, काय खलबत चाललंय? तो म्हणाला, काही नाही दादा, वहिनीला विचारत होतो लेक कधी येतेय. एवढं विचारायला कुजबुजावं लागतं?

आणि ती शिट्टी. आज घरातही ऐकली. मागच्या बाजूला कुणी तरी कॉम्प्रेसर बसवलाय वाटतं. वस्तीत असले धंदे चालू देतात कसे?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

बाई पुन्हा आल्या. घरघर वाढली आहे म्हणतात, आता गाणं लावलं तरी त्यावरून ऐकू येते. शिवाय नवीन तक्रार. खराब रस्त्यावरून आलं की ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खाली जातं, दुसऱ्या दाबाला धरतं. उतारावर त्यांचा जीव वरखाली झाला.

हे ऐकून धाकटा हातातलं काम टाकून उठला. म्हणाला, “दादा, बेअरिंग ढिलं होऊन चाक लटपटत असेल तर ब्रेकची डिस्क पॅडना मागे ढकलते. म्हणून पहिला दाब फुकट जातो.” मला माहीत नाही का? मीच शिकवलंय त्याला. पण बेअरिंग मी आत्ताच बदललं. ज्याची मुंज परवा झाली त्याची पुन्हा कशाला करायची? ब्रेकमध्ये हवा असणार. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली, ब्रेकचं तेल नवं भरलं. पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. पेडल घट्ट झालं.

घरघरीत किंचित फरक वाटला. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मला तर माझ्या पायाशी, डावीकडेच वाटते हो. तुम्ही चालवताना मी इकडे बसते ना, तेव्हा तळव्यांना झिणझिण्या येतात.”

मी म्हटलं, पत्रा आवाज वाहून नेतो. रोग एकीकडे, कळ दुसरीकडे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज कळलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

एक जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं. मी विचारलं, गाडी कशी आहे? म्हणाला, आता झकास, तुमच्या भावाने रविवारी बोलावून पुन्हा उघडली ना. मी त्या गाडीचं काम केलं होतं आदल्या आठवड्यात. रविवारी शेड बंद असते. मी तिथे नसतो.

परत येऊन खोदून खोदून आणखी दोघांना फोन लावले. तेच. मी काम करायचं, माझी पाठ वळली की ह्याने गिऱ्हाइकाला परत बोलवायचं आणि स्वतः उघडायचं. त्यांना काय सांगत असेल? म्हातारा चुकतो, यापुढे माझ्याकडे या? कागद अजून झालेले नाहीत आणि हा आधीच माझ्या पायाखालची सतरंजी ओढतोय. आणि ही त्याला सामील आहे. त्या कुजबुजीचा अर्थ आता लागतो.

आई गेली तेव्हा ह्याचा हात माझ्या हातात दिला होता. तो हात पाना धरण्याएवढा मीच केला.

त्याला अजून काही बोललो नाही. बघतो किती मजल जाते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मजल गेली.

दुपारी सामान आणायला बाजारात गेलो होतो, लवकर परतलो. नर्सबाईंची गाडी लिफ्टवर. डावं चाक काढलेलं, ब्रेक सोडवून तारेने टांगलेला, आणि धाकटा ॲक्सलच्या नटाला पाना लावून उभा. बाकावर नव्या बेअरिंगचा डबा. बाई कोपऱ्यात खुर्चीवर. मला न सांगता बोलावलं त्यांना.

मी त्याला म्हटलं, खाली ठेव तो पाना. ठेवला. म्हणाला, “दादा, डावं गेलंय. माझं नको ऐकूस, स्प्रिंगवर हात ठेव आणि हब फिरवून बघ. हाताला कळेल.”

मी हात लावला नाही. गिऱ्हाइकासमोर, मी शिकवलेल्या पोराने माझी परीक्षा घ्यायची? मी विचारलं, आणि रविवारी ज्या गाड्या उघडतोस त्यांचं काय? त्याचा चेहरा पांढरा पडला. तेव्हाच कळलं की चोर सापडला. मी जे जे मनात होतं ते सगळं बोललो. गिऱ्हाइकं फोडतोस, घरात फूट पाडतोस, भागीदारी हवी की सगळंच हवं? तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला,

“तुला ऐकू येत नाही, दादा.”

म्हणजे मी कुणाचं ऐकत नाही, हट्टी आहे, असं. बरं, आहे हट्टी. हट्टाशिवाय ही शेड उभी राहिली नसती. त्याला म्हटलं, चालायला लाग. तो हात धुऊन निघून गेला.

बाईंना उशीर होत होता. ब्रेक, चाक मीच परत बसवलं. जरा जड फिरलं. पॅड धरून बसले असतील. नव्या बेअरिंगचा डबा दुकानात परत पाठवून दिला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

धाकटा आला नाही. न येवो.

सकाळीच नर्सबाई दारात. खाली उतरल्या नाहीत, काचेतूनच बोलल्या. मी पुढून वळसा घालून त्यांच्या खिडकीशी गेलो. म्हणाल्या, तुमच्या भावाचा घरी फोन आला होता, गाडी चालवू नका म्हणाले, चाक निखळेल म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर झोप झालेली दिसत नव्हती. वर दोन बाया दिवस भरलेल्या आहेत, गाडी ठेवून जमणार नाही आणि चालवायला भीती वाटते. तुम्ही सांगाल तसं करते म्हणाल्या.

इतकी वर्षं गाडी माझ्याकडे येते. त्यांचा नवराही माझ्याच शब्दावर चालायचा.

मी म्हटलं, “आमच्या घरातलं भांडण आहे ते, तुमच्या गाडीत कशाला बसवता? जा बिनधास्त.”

त्या गेल्या. बरं वाटलं. विश्वास अजून शिल्लक आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शेड ओकीबोकी वाटते. एकटा माणूस इतक्या पत्र्याखाली चुकून राहिलेल्या पान्यासारखा दिसतो. ही माझ्याशी मोजकंच बोलते. आज म्हणाली, एकदा डॉक्टरकडे जाऊन या. मी म्हटलं, मला काय झालंय? तिने तोंड फिरवलं आणि काहीतरी पुटपुटली. तोंड फिरवून बोलायची नवी रीत काढली आहे सगळ्यांनी.

कॉम्प्रेसर दिवसभर बंद ठेवला. बटण बंद, वायर काढलेली, टाकीतली हवा सोडून दिलेली. शिट्टी आहेच. मुख्य फ्यूजही काढून पाहिला. शेडभर अंधार आणि त्यात ती शिट्टी. बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो. ती माझ्यामागे बाहेर आली.

२९ ऑक्टोबर, बुधवार

नर्सबाईंची गाडी उतारावर कठड्याला धडकली. दुपारी. डावं चाक गेलं.

बाई जिवंत आहेत. मांडीचं हाड मोडलंय, बाकी अजून काही सांगत नाहीत.

वरच्या बाईचं बाळंतपण होऊन त्या उतरत होत्या. आई, मूल ठीक आहेत म्हणे. हे मला टपरीवर कळलं. लोक माझ्याकडे बघत नव्हते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

गाडी ओढून आमच्याच शेडमध्ये आणून टाकली, पोलिसांना दुसरी जागा नव्हती. हात लावायचा नाही असं बजावून गेलेत. हात लावायची गरजच नाही. डावं चाक नाहीच. ते ज्यावर बसतं तो हब उष्णतेने निळा पडलाय. बेअरिंगच्या गोळ्यांचा भुगा झालाय, एकही गोल उरलेली नाही. हब फाटून निघाला आणि ॲक्सलचं टोक पिळून तुटलंय, ओल्या फांदीसारखं. हे एका दिवसाचं काम नाही. आठवडेच्या आठवडे खात होतं.

उजव्या बाजूला वाकून पाहिलं. माझं नवं बेअरिंग जागच्या जागी, धड.

पण मी उजवीकडे ऐकली होती. देवाशपथ उजवीकडेच ऐकली होती. अजूनही डोळे मिटले की ती घरघर उजवीकडूनच येते.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

फौजदार पंचनाम्याला आले. धाकटाही आला, मी बोलावलं नव्हतं. फौजदार माझ्यासमोर, धाकटा माझ्या डाव्या बाजूला जरा मागे. फौजदारांनी विचारलं, शेवटचं काम कुणी केलं? मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मान हलवून लिहायला सुरुवात केली. मला वाटलं, त्यांना आधीच माहीत असेल. मग ते धाकट्याला घेऊन बाहेर गेले, त्याची सही घेतली. मला काहीच विचारलं नाही. मला ते अजब वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

१ नोव्हेंबर, शनिवार

हिने आज जेवण वाढलं आणि स्वतः बसली नाही. माझ्या उजव्या बाजूला उभी राहून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “भाऊजींनी सांगितलंय, काम त्यांनी केलं. तुमच्या शेजारी उभं राहून सांगितलं. तुम्हाला ऐकू आलं नाही?”

मी म्हटलं, तो काहीच बोलला नाही.

ती म्हणाली, बोलले. फौजदारांनी ऐकलं, दारातल्या हवालदाराने ऐकलं, मी बाहेर उभी होते, मी ऐकलं. मग बराच वेळ बोलत राहिली. उन्हाळ्यात मला ती सर्दी झाली होती, कान दुखला होता, तेव्हापासून हे चाललंय. माझ्या डावीकडून कुणी बोललं तर मी वळत नाही. म्हणून ती जागा बदलून बसते. रविवारच्या गाड्या धाकटा उघडायचा ते मी आवाजावरून केलेली कामं तपासायला, दोन वेळा चुकीचं निघालं होतं, गिऱ्हाइकाला चूक न सांगता दुरुस्त केलं. कुजबुजायचे ते एवढंच, की ह्यांना सांगायचं कुणी. ती म्हणाली, मी सांगायला हवं होतं. तुमचा कान हाच तुमचा मान, म्हणून माझी जीभ रेटली नाही. आणि आता त्या बाई तिथे पाय टांगून पडल्यात.

मी ताटावरून उठलो. हे सगळं खोटं असेल, दोघांनी मिळून रचलं असेल, असंही मनात येऊन गेलं. इथे खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहितो.

३ नोव्हेंबर, सोमवार

चौकीवर जाऊन सांगितलं, काम माझं. भावाला हात लावू दिला नाही, बाईंना गाडी चालवायला सांगितलं तेही मीच. फौजदार म्हणाले, नक्की काय म्हणायचंय ते विचार करून बोला, खटला होईल. म्हटलं, होऊ दे. धाकट्याचा जबाब बदलून घ्या.

येताना त्याच्या घरी गेलो. दार त्यानेच उघडलं. म्हटलं, उद्या सकाळी शेडवर ये, एक काम आहे. तो म्हणाला, येतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक बरी गाडी लिफ्टवर घेतली, चारही चाकं अधांतरी. मी तिच्यासमोर मधोमध स्टूल घेऊन बसलो. धाकट्याला म्हटलं, मी डोळे मिटतो. तू पुढचं कुठलंही चाक हाताने फिरव, टायरवर पान्याने टिचक्या मार. मी बाजू सांगतो. त्याने विचारलं, कशाला, दादा? म्हटलं, मला बघायचंय.

डोळे मिटले. टिचक्या आल्या. हात केला. पुन्हा आल्या, हात केला. असं बऱ्याचदा. आवाज मला स्वच्छ येत होता, बाजूसुद्धा अगदी स्पष्ट. मनात म्हटलं, कुठे काय झालंय मला? मग टिचक्या थांबल्या. मी विचारलं, किती बरोबर आले? डोळे उघडले.

माझा हात उजवीकडे केलेला होता. धाकटा माझ्या डावीकडच्या चाकाशी उभा होता. पाना खाली धरलेला, तोंड भिंतीकडे.

विचारलं, प्रत्येक वेळी उजवीकडेच दाखवलं का मी? त्याने मान हलवली. तो रडत होता, आणि मला त्याचा आवाज येत नव्हता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कानाचे डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डावा जवळजवळ गेलाय. एका कानावर आलं की बाजू कळत नाही, जो कान जागा आहे त्याच बाजूने सगळं जग बोलतंय असं वाटतं. शिट्टी शेडमध्ये नव्हती, घरामागेही नव्हती, ती कानातच आहे, आणि बहुतेक राहील. सर्दीनंतर लगेच आला असतात तर औषधाने थोडंफार वाचलं असतं, असं म्हणाले. त्यांनी ते दुखवायला म्हटलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

नर्सबाईंना भेटायला धाकट्याबरोबर गेलो. पाय वजन लावून टांगलेला आहे. चालायला लागतील, पण डोंगरावर जाणं पूर्वीसारखं होईल का, हे कुणी सांगत नाही. वरच्या वस्त्यांवर सध्या कुणीच जात नाही. त्या झोपून त्याच काळजीत असतात, अमकीचे दिवस कधी भरतात, तमक्याची जखम कोण धुणार.

मी खुर्ची फिरवून उजवा कान त्यांच्याकडे करून बसलो आणि सगळं सांगितलं. कान कसा गेला, मला कसं कळलं नाही. माफी मागितली. त्या छताकडे बघत ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, “कान गेला त्यात तुमचा काय दोष? पण मी तुम्हाला सांगितलं होतं, डावीकडे वाटतंय. तुमच्या उजव्या बाजूला, खिडकीशी उभे होतात तेव्हा सांगितलं, भाऊ म्हणतात चालवू नका, मला भीती वाटते. ते तुम्हाला नीट ऐकू आलं होतं.”

होय, ऐकू आलं होतं. मी तसं म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. धाकट्याने मला खुणेने उठवलं.

परतताना रस्ता ओलांडायला कडेला उभे राहिलो. मी पाऊल पुढे टाकलं आणि धाकट्याने दंड धरून मागे ओढलं. डावीकडून ट्रक गेला. अंगावर वारा आला तेव्हा कळलं की काहीतरी गेलं. मग तो माझ्या मागून फिरून डाव्या बाजूला आला आणि घर येईपर्यंत तिकडूनच चालला, दंड न सोडता.